शिपाई भुंगेरा : नाव आणि कुळ

होमिओपॅथीच्या औषधांच्या पेटीत ‘कँथॅरिस’ असे लिहिलेली एक लहानशी बाटली बहुधा असतेच. भाजल्यावर किंवा लघवीला जळजळ होत असल्यास ते औषध देण्याचा त्या पद्धतीत प्रघात आहे. ‘कँथॅरिडीन’ हे नाव धारण करणारे एक केशतेलही अनेक घरांतून परिचयाचे आहे. ही दोन्ही नावे एका कीटकावरून आलेली आहेत. तो कीटक म्हणजे दक्षिण युरोपात आढळणारा, चकाकत्या हिरव्या रंगाचा एक भुंगेरा होय. त्याच्या अंगातील रस कातडीला लागला की फोड येतो. परंतु प्राणिशास्त्राचा ग्रंथ उघडून ‘कँथॅरिस’ या नावाखाली पाहावे, तर तेथे हा हिरवा भुंगेरा सापडत नाही. तेथे सापडतो तो अगदी निराळा, मऊ अंगाचा, कोणालाही फोड न आणणारा, फुलांवर बसून मावा टिपणारा एक निरुपद्रवी जीव. इंग्रजीत त्याला ‘सोल्जर बीटल’ असे म्हणतात. मराठीत त्याला रूढ नाव नाही. या भाषणापुरते त्याला ‘शिपाई भुंगेरा’ म्हणणे सोयीचे होईल.

एकाचे नाव दुसऱ्याला कसे चिकटले, आणि या दोन भुंगेऱ्यांना शास्त्रज्ञ कशावरून निरनिराळ्या कुलांत बसवतात, हा प्रश्न वरवर पाहता पंडितांचा वाटेल. पण शेतात औषध फवारण्यापूर्वी ‘हा किडा कोण?’ असा प्रश्न ज्यांना पडतो, आणि शाळेत ‘गुरुजी, हा कोणता किडा?’ अशा प्रश्नाला ज्यांना उत्तर द्यावे लागते, त्यांचाही तो प्रश्न आहे.

प्रथम शिपाई भुंगेऱ्याची ओळख करून घेतली पाहिजे. भुंगेरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे टणक पाठीचा, ढालीसारख्या कवचाचा कीटक येतो. भुंगेऱ्यांच्या पंखांची पुढची जोडी उडण्याच्या कामाची राहिलेली नसते. ती कठीण होऊन पाठीवर झाकणासारखी बसते. तिला पक्षवर्म म्हणतात. उडण्याचे पातळ पंख या झाकणाखाली घडी घालून ठेवलेले असतात. म्यानात पंख असलेले, या अर्थाचे ग्रीक नाव ॲरिस्टॉटलने या सर्व गटाला दिले, आणि ‘कोलिऑप्टेरा’ या रूपाने ते आजही चालू आहे. आजवर नावे दिलेल्या भुंगेऱ्यांच्या जातींची संख्या चार लाखांच्या घरात जाते. प्राण्यांच्या दुसऱ्या कोणत्याही गणात इतक्या जाती वर्णन झालेल्या नाहीत.

शिपाई भुंगेरा हा याच गणातील असला तरी त्याचे कवच मात्र नावापुरते असते. त्याची पक्षवर्मे कमावलेल्या पातळ चामड्यासारखी लवचिक असतात. अमेरिकेत त्याला ‘लेदरविंग’ म्हणजे चामडपंखी असेही म्हणतात, ते यामुळेच. अंग लांबट, दोन्ही कडा जवळजवळ समांतर. शृंगिका दोऱ्यासारख्या लांब. डोके वरून स्पष्ट दिसणारे. आणि छातीवरची ढाल चपटी, कडेला किंचित पसरलेली. बहुतेक जातींची लांबी एक ते दीड सेंटिमीटरच्या आसपास भरते. काही फारच लहान असतात. रंग बहुधा तांबडा, नारिंगी, पिवळा किंवा काळा. इंग्लंडच्या कुरणांत उन्हाळ्यात पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांवर नारिंगी-तांबड्या रंगाचा, पंखांची टोके काळी असलेला जो भुंगेरा डझनावारी दिसतो, तो ‘रॅगोनिका फुल्वा’ नावाचा शिपाईच होय. ब्रिटिश पायदळाच्या लाल डगल्यावरून तांबड्या जातींना तेथील खेडुतांनी ‘सोल्जर’ म्हटले. निळसर काळ्या जातींना ‘सेलर’, म्हणजे खलाशी म्हटले. मराठीत ‘शिपाई’ या शब्दाने कचेरीतील पट्टेवालाही डोळ्यांपुढे येतो. या कीटकाला दोन्ही अर्थ थोडेफार शोभतात. कारण तो मावा आणि इतर मऊ किड्यांवर हल्लाही करतो, आणि एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाकडे निरोपासारखा पोचवण्याचे कामही करतो.

त्याच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र फुलांवर जातच नाही. मादी ओलसर मातीत किंवा पालापाचोळ्यात अंडी घालते. अंड्यांतून निघणाऱ्या अळ्यांच्या अंगावर इतकी दाट, बारीक लव असते की त्या मखमलीच्या तुकड्यासारख्या दिसतात. या अळ्या शिकारी असतात. गोगलगाई, शेंबडे किडे, गांडुळे, इतर कीटकांची अंडी व अळ्या हे त्यांचे अन्न. यांतील गांडुळांचे नाव ऐकून शेतकरी नाखूश होईल, पण निसर्गात कोणाचाही हिशेब केवळ जमेचा नसतो. मध्य युरोपात कडाक्याच्या थंडीतही काही जातींच्या अळ्या जमिनीतून वर येऊन बर्फावर चालताना दिसतात; तेथील लोक त्यांना ‘हिमकिडे’ म्हणतात आणि बर्फाबरोबर ते आकाशातून पडले अशी समजूत पूर्वी होती. उत्तर अमेरिकेत शरद ऋतूच्या तोंडाशी पिवळ्या गोल्डनरॉडच्या फुलांवर ‘कॉलिओग्नॅथस पेन्सिल्व्हॅनिकस’ नावाची जात मोठ्या संख्येने जमते. तिच्या अळ्या नाकतोड्यांची अंडी आणि मक्यावरील अळ्यांसारखे किडे खातात, प्रौढ पराग व मकरंदावर जगतात. ऑस्ट्रेलियात याच प्रजातीची एक जात कधीकधी इतक्या प्रचंड थव्यांनी येते की नाजूक झाडांच्या फांद्या तिच्या भाराने वाकतात. तेथे तिचे नावच ‘प्लेग सोल्जर बीटल’ असे पडले आहे. नाव भयंकर, पण ती पानाफुलांची नासाडी फारशी करीत नाही. नावांनी केलेल्या अन्यायाचे हे एक उदाहरण झाले. त्याहून मोठे उदाहरण ‘कँथॅरिस’ या नावातच आहे.

‘कँथॅरिस’ हा मूळ ग्रीक शब्द. प्राचीन ग्रीक आणि रोमन वैद्य फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांना या नावाने ओळखत आणि त्यांची वाळवून केलेली पूड औषधात वापरीत. पुढे कित्येक शतके युरोपातील औषधांच्या दुकानांतून ही पूड ‘स्पॅनिश फ्लाय’, म्हणजे स्पेनची माशी, या नावाने विकली गेली. ती माशी नव्हती, आणि केवळ स्पेनची तर नव्हतीच. कामोत्तेजक म्हणूनही तिचा बोलबाला झाला व त्या पायी अनेकांनी प्राण गमावले. कारण पोटात गेल्यास हे विष मूत्रपिंडांवर आघात करते आणि काही दशक मिलिग्रॅम एवढी अल्प मात्राही माणसाला मारक ठरू शकते. १८१० मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पिएर-झां रोबिके यांनी या पुडीतून विषारी द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. त्यालाच कँथॅरिडीन हे नाव मिळाले. त्याचा आधुनिक उपयोगही आहे. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘मोलस्कम’ या त्वचारोगावर, डॉक्टरांनी स्वतः लावावयाच्या सौम्य द्रावणाच्या स्वरूपात, त्याला मान्यता दिली.

घोटाळा झाला तो १७५८ मध्ये. त्या वर्षी स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांच्या ‘सिस्टिमा नॅच्युरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी प्राण्यांना सर्वत्र दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत अवलंबिली. जुनी नावे त्यांनी नव्या गटांना वाटून दिली, आणि त्या वाटणीत ‘कँथॅरिस’ हे नाव मऊ अंगाच्या शिपाई भुंगेऱ्यांच्या वाट्याला आले. फोड आणणारा हिरवा भुंगेरा त्यांनी ‘मेलोई’ नावाच्या दुसऱ्या गटात घातला. वैद्यांनी व औषध विक्रेत्यांनी हा बदल मानला नाही. त्यांच्या कागदोपत्री तो हिरवा भुंगेरा कँथॅरिसच राहिला. अनेक कीटकशास्त्रज्ञांनाही हा बदल पसंत नव्हता; ते जुना अर्थ कायम ठेवून शिपाई भुंगेऱ्याला ‘टेलिफोरस’ म्हणत राहिले, आणि त्याच्या कुलाला ‘टेलिफोरिडी’. अशा रीतीने दीर्घकाळ एका नावाचे दोन कीटक आणि एका कीटकाची दोन नावे, असा कारभार चालला होता.

शेवटी निर्णय झाला तो गुणावर नव्हे, तर ज्येष्ठतेवर. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता असे सांगते की, प्राण्यांच्या नावांची मोजणी १७५८ च्या आरंभापासून करावी आणि सामान्यतः जे नाव आधी दिले गेले ते ग्राह्य धरावे. त्यापूर्वी ग्रीकांनी दोन हजार वर्षे काय म्हटले, याला कायद्याच्या दृष्टीने किंमत नाही. त्यामुळे कँथॅरिस हे नाव शिपाई भुंगेऱ्याकडेच राहिले व त्याचे कुल ‘कँथॅरिडी’ ठरले. हिरव्या भुंगेऱ्याला डॅनिश शास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १७७५ मध्ये स्थापिलेल्या ‘लिट्टा’ या प्रजातीत स्थान मिळाले. आज त्याचे नाव ‘लिट्टा व्हेसिकॅटोरिया’ आणि कुल ‘मेलॉइडी’. महसूल खात्यातील मंडळींना या निकालाचे नवल वाटणार नाही. जमीन कोण कसतो हा एक प्रश्न आणि सातबाराच्या उताऱ्यावर नाव कोणाचे हा दुसरा, हे त्यांना चांगले ठाऊक असते. कँथॅरिडीन हे द्रव्य कँथॅरिडी कुलातील भुंगेरे तयार करीत नाहीत, ते तयार करतात मेलॉइडी कुलातील भुंगेरे, ही विसंगती मात्र कायमची कागदावर राहून गेली. तिचा फटका निर्दोष शिपायाला बसतो. नावाच्या साम्यावरून त्यालाही विषारी समजले जाते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शिपाई भुंगेरा अगदीच निःशस्त्र नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जेरॉल्ड माइनवाल्ड, टॉमस आइस्नर आणि त्यांचे सहकारी यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की, कॉलिओग्नॅथस प्रजातीतील एका जातीच्या अंगावरील ग्रंथींतून डायहायड्रोमॅट्रिकेरिया आम्ल स्रवते. ते पक्ष्यांना आणि कोळ्यांसारख्या शत्रूंना नकोसे वाटते. माणसाच्या कातडीवर फोड मात्र आणत नाही. तांबडा किंवा पिवळा भडक रंग हा अशा कडू भक्ष्याचा इशाराच असतो. हिंगे काय किंवा शिपाई काय, दोघेही उघड्यावर, फुलांवर, दिवसाढवळ्या निर्धास्तपणे बसतात याचे कारण हेच.

‘हिंगे’ हा शब्द आताच येऊन गेला. महाराष्ट्रातील बाजरीच्या शेतकऱ्याला तो नवा नाही. कणीस फुलोऱ्यात असताना त्यावर बसून परागकण खाणारे आणि दाणे भरण्यात घट आणणारे हिंगे हे मेलॉइडी कुलातीलच भुंगेरे, म्हणजे त्या हिरव्या ‘स्पॅनिश’ भुंगेऱ्याचे भाऊबंद होत. तूर, भेंडी, जास्वंद यांच्या फुलांवर काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला जो भुंगेरा पाकळ्या कुरतडताना दिसतो, तो ‘मायलॅब्रिस पुस्चुलाटा’ही त्याच कुलातला. याच्याही अंगात कँथॅरिडीन असते. म्हणून तो उघड्या बोटांनी चिरडणे टाळावे. शिपाई भुंगेरे भारतात विशेषतः हिमालयाच्या उतारांवर नाना जातींनी आढळतात. महाराष्ट्रातील शेतकऱ्याची रोजची गाठ पडते ती हिंग्यांशी. तथापि फुलावर बसलेला, लांबट, भडक रंगाचा, मऊ पंखांचा भुंगेरा एवढ्या वर्णनात दोघेही बसतात. मग दोघांना ओळखावे कसे?

याचे उत्तर पायात आहे. भुंगेऱ्याच्या पायाचा शेवटचा भाग लहान लहान पेऱ्यांचा बनलेला असतो आणि त्याच्या टोकाला नख्या असतात. ही पेरी मोजून भुंगेऱ्यांचे गट पाडता येतील, अशी कल्पना फ्रेंच वैद्य व कीटकशास्त्रज्ञ एतिएन लुई जफ्रॉय यांनी १७६२ मध्ये मांडली. दोन शतके ती प्रत्येक कीटकशास्त्रज्ञाच्या उपयोगी पडली आहे. शिपाई भुंगेऱ्याच्या सहाही पायांना प्रत्येकी पाच पेरी असतात, आणि त्यांतील चौथे पेर खालून दोन पाळ्यांत विभागलेले असते. हिंग्यांच्या पुढच्या चार पायांना पाच-पाच पेरी असतात, पण मागच्या दोन पायांना चारच. शास्त्रीय भाषेत एकाचे सूत्र पाच-पाच-पाच आणि दुसऱ्याचे पाच-पाच-चार. शिवाय हिंग्यांची प्रत्येक नखी दुभंगलेली असते, आणि डोके खाली झुकलेले असून त्याच्यामागे बारीक मान स्पष्ट दिसते. शिपायाला अशी मान नसते. त्याच्या छातीवरची चपटी ढाल डोक्याला जवळजवळ भिडलेली असते. शाळेतील साध्या भिंगाने मान आणि ढाल यांतील फरक दिसतो. पेरी मोजावयास दहा पटींचे भिंग असल्यास अधिक बरे. जिवंत हिंग्यांना हात लावू नये. मेलेला कीटकसुद्धा चिमट्यानेच धरावा, कारण कँथॅरिडीन वाळल्यावरही नाहीसे होत नाही. अमेरिकेत लसूणघासाच्या वाळलेल्या गवतात दाबले गेलेले हिंगे खाण्यात येऊन घोडे दगावल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

हा मागच्या पायाचा एक पेर कमी असणे ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु वर्गीकरणात रंगापेक्षा अशा बाबींना अधिक मान असतो. रंग गरजेनुसार बदलतो. कडू कीटक भडक होतात आणि गोड कीटक त्यांची नक्कल करतात. पायाच्या पेऱ्यांची संख्या अशी सहजी बदलत नाही. ती घराण्याकडून आलेली असते.

शिपायाचे घराणे तरी नक्की कोणते? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना अडीचशे वर्षे गुंतवून ठेवले आहे, आणि वर्गीकरण म्हणजे काय हे समजण्यासाठी त्या शोधासारखे दुसरे उदाहरण क्वचितच मिळेल. लिनियस यांनी १७५८ मध्ये ‘कँथॅरिस’ म्हणून जो गट केला त्यात शिपाई भुंगेऱ्यांबरोबर चक्क काजवेही होते. आज पुरुषवाडी, भंडारदरा किंवा राजमाची परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर ज्यांची लखलख पाहण्यासाठी शहरांतून माणसे जातात, त्या काजव्यांचे युरोपातील भाऊबंद लिनियस यांच्या लेखी कँथॅरिसच होते. मऊ पक्षवर्मे, लांबट अंग, गोगलगाई खाणाऱ्या अळ्या, एवढे साम्य त्यांना पुरेसे वाटले. थोड्याच वर्षांत काजव्यांना वेगळे काढण्यात आले. काजव्याच्या छातीवरची ढाल पुढे वाढून डोके झाकून टाकते, शिपायाचे डोके उघडे असते. काजव्याच्या पोटाच्या टोकाला प्रकाश देणारा अवयव असतो, शिपायाला तो नसतो.

तरीही एकोणिसाव्या शतकात शिपाई, काजवे, जाळीदार पंखांचे भुंगेरे आणि असे अनेक मऊ अंगाचे कीटक ‘मृदुचर्मी’ या अर्थाच्या एकाच मोठ्या सदरात ठेवले जात होते. मऊपणा हेच नात्याचे प्रमाण मानले गेले. विसाव्या शतकात ग्लासगो विद्यापीठातील रॉय क्राउसन यांनी प्रौढांच्या रूपाबरोबर अळ्यांची रचना आणि शरीराच्या आतील सांगाड्याचे बारकावे यांनाही महत्त्व दिले, आणि १९७२ मध्ये शिपाई, काजवे व त्यांच्या आप्तांचे ‘कँथॅरॉइडिया’ हे अधिकुल काटेकोरपणे तपासून मांडले. जवळच, पण स्वतंत्र, असे ‘इलॅटेरॉइडिया’ हे अधिकुल होते. त्यात उताणे टाकले असता टक्कन आवाज करून उडी मारणारे आणि सुलटे होणारे टणक भुंगेरे येतात. १९८८ मध्ये जॉन लॉरेन्स यांनी या दोहोंमधील भिंतच काढून टाकली. टणक उडीवाले आणि मऊ शिपाई हे एकाच अधिकुलाचे सभासद होत, असे त्यांनी प्रतिपादन केले, आणि आज तेच सर्वत्र मान्य आहे. शिपाई भुंगेरा हा इलॅटेरॉइडिया अधिकुलातील कँथॅरिडी कुलाचा होय.

मग मऊपणाचे काय झाले? त्याचे उत्तर डी.एन.ए.च्या अभ्यासाने दिले. चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथील संशोधक व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसून आले की, या अधिकुलात मऊपणा एकदाच नव्हे, तर निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे अनेक वेळा उत्पन्न झाला आहे. अळीचा कोष होऊन प्रौढ कीटक बाहेर पडताना शेवटची काही पावले अपुरी राहिली, की कवच पुरते टणक होत नाही आणि अळीपणाच्या काही खुणा प्रौढातही राहतात. म्हणजे ज्या गुणावर शंभर वर्षे नाते जोडले गेले, तो गुण नात्याचा नव्हताच. निरनिराळ्या घरांतील मुले एकाच वयात थांबल्यासारखा तो प्रकार होता. याचा एक परिणाम असा झाला की गोगलगाई खाणाऱ्या भुंगेऱ्यांचे ‘ड्रिलिडी’ नावाचे जुने, प्रतिष्ठित कुल २०११ मध्ये मोडीत निघाले. ते मऊ भुंगेरे म्हणजे उडीवाल्या टणक भुंगेऱ्यांच्या कुलातलीच एक शाखा आहे, असे निष्पन्न झाले. पाठ्यपुस्तकातील तक्ता बदलला की विद्यार्थी तक्रार करतात आणि शिक्षकही थोडे वैतागतात. पण येथे तक्ता बदलला तो कोणाच्या लहरीने नव्हे, पुरावा वाढला म्हणून.

कुलाच्या आतील मांडणीविषयी थोडक्यात सांगता येईल. कँथॅरिडी कुलात आज जगभरातील पाच हजारांहून अधिक जाती गणल्या जातात. १९८० मध्ये स्वित्झर्लंडचे मिशेल ब्रांकुच्ची यांनी तौलनिक शरीररचनेवरून त्यांची उपकुले निश्चित केली. ती पाच मानली जातात. युरोपचे लाल डगलेवाले कँथॅरिनी या उपकुलात, तर अमेरिका व ऑस्ट्रेलियातील थवे करणारे कॉलिओग्नॅथिनी या उपकुलात मोडतात. आखूड पंखांचे, काही मिलिमीटर लांबीचे चिमुकले शिपाई माल्थिनिनी या वेगळ्या उपकुलात ठेवले आहेत. हिमालयातील शिपायांची ओळख जगाला करून देण्यात बाझल येथील निसर्ग-इतिहास संग्रहालयाचे वाल्टर विटमेर यांचा वाटा फार मोठा आहे. या संग्रहालयाच्या १९७२ मधील भूतान मोहिमेत जमलेले शिपाई त्यांनीच अभ्यासले. डोंगरमाथ्यावरील एका झुडपावरचा किडा बाझलला जातो, तेथे त्याला नाव मिळते, आणि त्या झुडपाखालून रोज जाणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो, हे थोडे विचित्र खरे. पण नमुना नीट जपला गेला याचे समाधानही आहे.

आता पुन्हा शेताकडे वळले पाहिजे. वर्गीकरण कळले म्हणजे मित्र कोण आणि शत्रू कोण हे आपोआप कळेल, असे मात्र कोणी समजू नये. कुल हे वर्तणुकीचे प्रमाणपत्र नव्हे. वांग्याच्या पानांची जाळी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा आणि मावा फस्त करणारे ढालकिडे हे एकाच कॉक्सिनेलिडी कुलातले आहेत. हिंग्यांचाही हिशेब एकेरी नाही. प्रौढ हिंगे बाजरीचा फुलोरा खातात. परंतु त्यांतील अनेक जातींच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांच्या अंड्यांच्या पुंजक्यांवर वाढतात. म्हणजे ज्या शेतकऱ्याचे कणीस एकाने बिघडवले, त्याचेच नाकतोडे त्याच्या पोरांनी कमी केलेले असतात. म्हणून फुलोऱ्यातील हिंगे थोडे असल्यास सकाळच्या वेळी ते हातजाळीने पकडून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकणे हा जुना उपाय आजही श्रेयस्कर ठरतो. त्यात फक्त हिंगे मरतात. सर्व कीटकांना मारणारे औषध फुलोऱ्यावर फवारले तर मधमाश्या आणि ढालकिडेही त्यात जातात.

ओळख चुकल्याने होणारे नुकसान द्राक्षाच्या बागांतून सहज पाहावयास मिळते. पिठ्या ढेकणाचा फडशा पाडण्यासाठी ‘क्रिप्टोलीमस’ नावाचा ऑस्ट्रेलियन ढालकिडा सोडतात. १८९८ मध्ये तो प्रथम भारतात आणला गेला. त्याच्या अळीच्या अंगावर पांढरे मेणचट तंतू असतात, आणि ती हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. पैसे देऊन आणलेला मित्र बागाईतदार स्वतःच चिरडून टाकण्याची शक्यता असते. ढेकणाला सुईने डिवचले तर तो जागचा फारसा हलत नाही, अळी मात्र चपळाईने पळू लागते. एवढी परीक्षा बागेतील मजुराला दाखवून ठेवली तरी पुष्कळ काम होते.

शाळेतून कीटकांचा संग्रह करावयाचा असल्यास एक व्यावहारिक सूचना करता येईल. टणक भुंगेरे टाचणीला टोचून वाळवता येतात. काजव्यासारखे मऊ अंगाचे भुंगेरे वाळवले की आक्रसतात आणि ओळखीच्या खुणा नाहीशा होतात. ते लहान कुपीत सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी, कारण शाई विरघळते. चिठ्ठीवर गाव व तालुका, तारीख, कोणत्या झाडावर वा पिकावर मिळाला, आणि पकडणाऱ्याचे नाव, एवढ्या गोष्टी अवश्य असाव्यात. कीटकाच्या नावाची जागा कोरी ठेवली तरी चालेल. पुण्यात भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. ठिकाण आणि तारीख असलेल्या नमुन्याचे नाव तज्ज्ञाला नंतरही लावता येते, पण नाव आहे आणि ठिकाण नाही अशा नमुन्याचा त्याला काही उपयोग होत नाही.